ओल्या कचऱ्यातली काच

२ ऑगस्ट, शनि.

कबुतराने बाथरूमच्या खिडकीतल्या दोन काचपट्ट्या पाडल्या. नलू म्हणे, काचवाल्याला बोलवा. लग्नाला एकतीस वर्षं झाली, बायकोचा माझ्यावर काडीचा विश्वास नाही. काचवाला फोनवर: "दो पट्टी के लिए कौन आयेगा, अंकल." अंकल! च्यायला. ठरवलं, आपणच कापायची. माळ्यावर जुन्या शोकेसचा कप्पा पडलाय, जाड, चांगली काच. सरळ रेघेत तर कापायचंय.

दुसरं काम फत्ते. सोसायटीची कचऱ्याची नोटीस घरोघर पोचली. घरं चाळीस, झेरॉक्स पन्नास. सुनंदा (सकाळचा कचरा हीच नेते) दारोदार एकेक देऊन आली आणि उरलेल्या दहा आणून माझ्या हातात ठेवल्या. नोटीस मी स्वतः हाताने लिहिली. 'ओला-सुका वेगळा द्या. काच, ब्लेड ओल्या कचऱ्यात टाकू नका, वेगळी बांधून हातात द्या.' खाली सही, स्वच्छता प्रमुख. तीन जणांनी अक्षराचं कौतुक केलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

३ ऑगस्ट, रवि.

३०२ मधल्या शुभांगीकडे गेलो. भाडेकरू आहे, ती आणि तिची आई. लॅबमध्ये नोकरी, सुट्टीच्या दिवशी काचेवर रंगकाम करते, काच स्वतःच कापते. म्हटलं, शिकव गं जरा.

तासभर शिकवलं पोरीने. काच आधी पुसून कोरडी. खाली जुनी चादर. चष्मा, हातमोजे, पायात बूट. कटरच्या चाकाला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. फूटपट्टी धरून लांबच्या कडेपासून आपल्याकडे, एकाच दाबाने, एकदाच. बारीक एकसारखा खर्र आवाज आला म्हणजे बरोबर. "काका, परत त्याच रेघेवरून फिरवायचं नाही हां, काच कुठेही जाते मग." मग रेघेखाली आगकाडी ठेवून दोन्ही बाजूंनी दाबायचं. टक्. दोन तुकडे. कडा ओल्या पॉलिश पेपरने घासायच्या. बारीक चुरा हाताने झाडायचा नाही, कणकेच्या गोळ्याने टिपायचा.

शेवटी म्हणाली, "उरलेले तुकडे खोक्यात, चिकटपट्टी लावून, वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहायचं. आणि सुनंदाताईंच्या हातात द्यायचं."

म्हटलं, अगं, तू मला शिकवतेस? नोटीस कोणी काढली? हसली. तिचा कटर घेऊन आलो. हार्डवेअरवाल्याकडून केशरी हातमोजे घेतले, रबरी तळव्याचे. झकास आहेत.

५ ऑगस्ट, मंगळ.

झालं. म्हणजे झालं, पण.

पहिली पट्टी फुटली. रेघ नीट उमटली नाही म्हणून परत फिरवली, जे करू नको म्हणाली होती तेच. काच आडवी गेली. दुसरी शेवटपर्यंत आली आणि कोपरा उडाला. तिसरी जमली, चौथी जमली. दोन पट्ट्या बसवल्या, अगदी फिट. पण ओट्यावर फुटक्या काचेचा हा ढीग.

नलू भाजी आणायला गेली होती, यायची वेळ झालेली. ढीग बघितला असता तर आठवडाभर ऐकवलं असतं. खोकं शोधायला वेळ नव्हता. समोर उरलेल्या नोटिसा पडल्या होत्या. त्यात गुंडाळलं आणि ओल्या कचऱ्याच्या पिशवीत तळाशी, वर दुधीची सालं. कणकेने चुरा मात्र टिपला, नियमाप्रमाणे.

नलूने बाथरूम बघितलं. "बरी बसल्यात हां." तिच्या तोंडून बरी म्हणजे पुष्कळ झालं. कटर परत द्यायला गेलो तर शुभांगीने विचारलं, "किती फुटल्या?" म्हटलं, एकही नाही, पहिल्याच फटक्यात. "वा काका!"

६ ऑगस्ट, बुध.

सुनंदाचा हात कापला. आपल्याच जिन्यात. पिशवी दाबून ड्रममध्ये भरताना. उजवा तळवा, अंगठ्याखाली.

मी दूध घ्यायला उतरत होतो. वॉचमन तिचा हात कपड्यात धरून उभा. कपडा लाल. ती ओरडत नव्हती, रडतही नव्हती. फक्त म्हणाली, "काच होती साहेब. ओल्यात." मी म्हटलं, "कोणी टाकली?"

मी म्हटलं. मीच. तोंडातून आपोआप गेलं. लाज वाटते लिहायला.

वॉचमनने रिक्षाने हॉस्पिटलात नेलं. पाच टाके. दहा दिवस हात भिजवायचा नाही. तिची नणंद बदलीवर येणार.

कमिटीत मार्चपासून बोलणं चाललंय, कचऱ्यावाल्यांना हातमोजे द्यायचे. विषय माझ्याकडेच आहे. माझे केशरी हातमोजे खिडकीत वाळताहेत.

७ ऑगस्ट, गुरु.

ग्रुपवर सकाळपासून धिंगाणा. 'शेम ऑन धिस पर्सन.' 'सीसीटीव्ही लावा.' 'लोकांना अक्कलच नाही.' सेक्रेटरीचा मेसेज: 'स्वच्छता प्रमुख अरविंदकाका चौकशी करतील.' खाली सतरा अंगठे.

मी पण अंगठा दिला. अठरा.

मग कोणीतरी लिहिलं, ३०२ मध्ये काचेचं काम चालतं ना? बस, संपलं. एकाने सुरू केलं की सगळे. मी फोन उलटा करून ठेवला. लिहायला हवं होतं, ती नाही. दोनच तर शब्द.

८ ऑगस्ट, शुक्र.

चौकशीला गेलो. मी आणि सेक्रेटरी, ३०२ च्या दारात. हे लिहूच नये असं वाटतंय, पण लिहितो. निदान इथे तरी.

शुभांगीने कॉटखालून खोकं काढून दाखवलं. चारी बाजूंनी चिकटपट्टी, वर लाल पेनने 'काच'. "माझे तुकडे असे असतात. खोकं भरलं की सुनंदाताईंच्या हातात देते. त्यांना विचारा." सेक्रेटरी म्हणे, "ते आता दाखवायला ठेवलं असेल."

तिने माझ्याकडे बघितलं. तिला माहीत आहे मी मंगळवारी काच कापली. तिच्याच कटरने. तिने ते सांगितलं नाही. नुसतं बघितलं. मी काय बोललो? "बघू." बघू म्हणे! काय बघायचं राहिलंय?

जिन्यात सेक्रेटरी म्हणाला, तिचं अ‍ॅग्रीमेंट या महिन्याअखेर संपतंय, नव्यासाठी सोसायटीची एनओसी लागेल. रविवारी सतराला मीटिंगमध्ये घेऊ. देऊ नये असं त्याचं मत. "तुमचं काय काका?"

म्हटलं, डोकं दुखतंय.

१० ऑगस्ट, रवि.

नलूला कळलं.

माळ्यावर काहीतरी बघायला चढली. उतरून शांतपणे विचारलं, शोकेसचा कप्पा कुठे? म्हटलं, त्याच्यातूनच पट्ट्या काढल्या की. म्हणाली, "एवढ्या मोठ्या कप्प्यातून दोनच पट्ट्या? उरलेली काच खंय गेली?"

रागावली की माहेरची बोली बाहेर येते.  मग तिलाच उमगलं. ओट्याला टेकून उभी राहिली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुमका लाज कशी वाटणा नाय? ती पोर शिकवूक बसली तुमका."

वाटते गं. तीच तर वाटते. इतकी वाटते की तोंड उघडत नाही. हे तिला सांगितलं तर म्हणाली, ही लाज नाही, ही भीती. अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या, चार लोक हसतील म्हणून घाबरतो.

दुपारी ती एकटीच असल्फ्याला सुनंदाच्या घरी जाऊन आली. मला चल म्हणाली नाही. परत आल्यावर एवढंच: उजवा हात आहे, भाकरी थापता येत नाही, नणंदेवर सगळं पडलंय. मी विचारलं, तू सांगितलंस का तिला? "मी कित्याक सांगू? काच माझी न्हय."

१२ ऑगस्ट, मंगळ.

बाथरूममध्ये गेलो की त्या दोन पट्ट्या दिसतात. अगदी फिट बसल्यात. आंघोळ पाठ करून करतो.

शुभांगी लिफ्टमध्ये भेटली. नेहमीसारखं "काका" म्हणाली. खाली येईपर्यंत दोघंही आकड्यांकडे बघत होतो. दार उघडताना म्हणालो, "शुभांगी, ते..." तेवढ्यात समोर कुणीतरी आलं. ती थांबली होती खरं तर. मीच "उशीर होतोय तुला" म्हणालो.

१५ ऑगस्ट, शुक्र.

झेंडावंदन. दरवर्षीप्रमाणे दोन शब्द बोलायला मला बोलावलं. नागरिकाचं कर्तव्य वगैरे. मागच्या वर्षीचंच भाषण पाठ आहे. 'स्वच्छता घरापासून' या वाक्यावर आलो आणि अडलो. सुनंदा गेटपाशी उभी होती, हाताला पट्टी, जिलबीचा पुडा डाव्या हातात. टाळ्या वाजवू शकत नव्हती. मी पुढचं वाक्य विसरलो असं म्हणून बसलो. लोक हसले, काकांचं वय झालं. हसा लेको.

शुभांगी आली नव्हती. तिची आई आली होती. तिच्या बाजूच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या.

१६ ऑगस्ट, शनि.

सुनंदा टाके काढून आली. सोमवारपासून कामावर येते म्हणाली. दारातच उभी राहिली. नलू आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली तरी आत येईना. पिशवीतून प्लास्टिकमध्ये ठेवलेले कागद काढले.

"घ्या साहेब. तुमचे कागद."

नोटिसा. माझ्या नोटिसा, माझं अक्षर. चुरगळलेल्या, डाग तपकिरी झालेले. एकात एक अशा पाच.

मी म्हटलं, "ही तर सगळ्यांकडे..."

"सगळ्यांना एकेक दिली, मीच वाटली. उरलेल्या दहा तुमच्या हातात दिल्या. पाच पानं एका घरात कुठून यायची?"

आवाज चढला नाही तिचा. कचरा नाही दिलात का, असं विचारावं तसा.

"मग सांगितलं का नाहीस? तेव्हाच?"

"मी सांगून काय, साहेब? मी कचरावाली. तुम्ही म्हणणार, ही कागद कुठून पण उचलते. मग माझंच काम जाणार." मग म्हणाली, "मला वाटलं तुम्ही सांगाल. माणसाकडून होतं. दोन दिवस वाट बघितली. मग ऐकलं, ३०२ वाल्या ताईंवर घातलं. ते नाही बरं केलंत. ती एकटीच मला खोकं हातात देते आणि सांगते, ताई, जपून."

पायऱ्या उतरता उतरता परत वळली. "शुभांगीताईंना पण माहीत आहे. मी परवा विचारलं, तुम्ही का गप्प? म्हणाल्या, काका सांगतील."

कागद हातात घेऊन दारातच उभा होतो. नलूने दार लावून घेतलं.

दोघी गप्प राहिल्या. दोघींना वाटलं मी सांगेन. माझ्याबद्दल एवढं चांगलं त्या दोघींनाच वाटत होतं आणि मी, अठरावा अंगठा.

१७ ऑगस्ट, रवि. सकाळ

साडेदहाला मीटिंग. विषय क्र. ३, ३०२ ची एनओसी.

पहाटेपासून नोटीस लिहितोय. नेहमी एकटाकी लिहिणारा माणूस मी, आज सहा कागद फाडले. पहिल्या कागदावर लिहिलं होतं, 'अनवधानाने काच टाकली गेली.' नलूने चहा ठेवता ठेवता वाचलं. "गेली? स्वतःच चालत गेली?" फाडला. दुसऱ्यात कबुतरापासून सुरुवात केली होती. तोही फाडला. कबुतराचा काय संबंध!

आत्ताचा असा आहे:

'दि. ५ रोजी ओल्या कचऱ्यात काच मी टाकली. दोन पट्ट्या फुटल्या ते बायकोला आणि शुभांगीला कळू नये म्हणून लपवली. सुनंदा यांचा हात माझ्यामुळे कापला. ३०२ चा काहीही संबंध नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. स्वच्छता प्रमुखपद सोडत आहे.'

सही केली. सहीखाली सवयीने पद लिहिलं होतं, ते खोडलं. कागद कुरूप दिसतोय. असू दे.

केशरी हातमोजे धुऊन पिशवीत घातलेत, सुनंदासाठी. नलू म्हणते, एकदा तुमच्या हातात गेलेले कशाला, नवे आणा. खरं आहे. पिशवीतून काढले.

सव्वादहा. खाली खुर्च्या लावण्याचा आवाज येतोय. सेक्रेटरीचा फोन येऊन गेला, काका या, कोरम पूर्ण करायचाय. नलूने इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय. नीट बोलत नाही अजून, पण शर्ट काढलाय.

आत्ताच जिन्यात चपला वाजल्या. शुभांगी. चपलांवरून ओळखतो, लिफ्ट बंद असली की जिन्यानेच उतरते. आमच्या दाराशी आवाज थांबला. मी दाराच्या आत होतो, एका हातात कागद, दुसरा कडीवर. मिनिटभर तरी थांबली असेल. बेल नाही वाजवली. मीही कडी नाही काढली.

मग ती उतरून गेली.

शर्ट घातला. वरचं बटण लागेना. नलूने लावून दिलं. निघतो.