दुर्मिळ १४१२ सिरीज

४ जून
आजपासून साइड बिझनेस. ऑफिसात खर्डेघाशी काय, कोणीही करतो. गॅरेजवाल्याकडून गाडीचे आठ जुने टायर उचलले. त्याने घासाघीस केली नाही, उलट रिक्षात चढवायला स्वतः हात लावला. बिचाऱ्याला मालाची पारख नाही. बायकोने विचारलं, हे ठेवणार कुठे? म्हटलं, जरा दृष्टी मोठी ठेव. सध्या तिच्या कपाटासमोर ठेवलेत.

५ जून
टायरना काळं पॉलिश मारलं. थोडं चादरीला, दाराच्या कडीला आणि माझ्या कानालाही लागलं. पण चमक अशी की नव्या टायरनी तोंडात बोटं घालावीत.

७ जून, सकाळ
ऑनलाइन जाहिरात टाकली. प्रत्येक टायरवर १४१२ असा ठसा आहे. आठांवर एकच नंबर, म्हणजे स्पेशल सिरीज असणार. 'दुर्मिळ १४१२ सिरीज' असं ठळक लिहिलं. एवढी माहिती कोण देतो हल्ली?

७ जून, संध्याकाळ
फोन धडाधड आले. एक गृहस्थ सिरीजचं नाव घेऊन हसले. दुसऱ्याने फोन स्पीकरवर टाकून बायकोला ऐकवलं, मग दोघंही हसले. माल आवडला की माणूस खुश होतोच. घेतला मात्र कोणी नाही. विचार करत असतील.

११ जून
विकले!! ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी चार घेतले. ठसा बघून नुसतं हूं केलं आणि म्हणाले, अगदी असेच शोधत होतो. पारखी माणूस. मन बदलायच्या आत पोचवून आलो.

१५ जून
मुलीने गाडी शिकायला क्लास लावला, त्याच मास्तरांकडे. म्हटलं, निश्चिंत जा, बापाचे टायर आहेत तिथे. ती हो म्हणाली. तिच्या आईने कपाळाला हात लावला. घरच्यांनाच किंमत नसते.

१८ जून
जेवताना मुलगी सांगत होती, आज मास्तरांनी टायर वाचायला शिकवलं. शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख. आधी आठवडा, मग वर्ष. जुना टायर वरून कितीही ठणठणीत दिसो, रबर मेलेलं असतं. वेगात फुटला की संपलंच.
म्हणजे माझे १४१२, चौदावा आठवडा. बारा सालचे! तेव्हा ही पोरगी दुसरीत होती.
तिला काही बोललो नाही. उगाच घाबरवण्यात काय अर्थ?

१९ जून
क्लास बंद कर म्हटलं. का, म्हणाली. म्हटलं, ऊन फार आहे. म्हणाली, ढग आलेत. म्हटलं, तेच तर. ऐकेल तर शपथ!
शेवटी मीच गाडीत मागे बसलो. चाकं धुळीने इतकी माखलेली की माझे टायर ओळखू येईनात. वाकून नंबर बघायची छाती झाली नाही. सगळा वेळ जीव मुठीत. मुलगी म्हणाली, बाबा, बडबडू नका. मी कुठे बडबडलो? नुसता ओरडलो.

२० जून
डोळ्याला डोळा नाही. सारखं पोरीचं तोंड समोर येतं. हिला काही झालं तर मी काय करू?
मास्तरांना खरं सांगावं, तर धंद्याची अब्रू जाते. शेवटी सुचलं. 'फ्री अपग्रेड योजना'! आमच्या गाडीचे टायर नवेकोरे आहेत, मापही तेच. ते मास्तरांच्या गाडीला लावायचे. अब्रूही राहील, पोरही.
चारही चाकं काढली. गाडी विटांवर. बायको गॅलरीतून बघत होती, पण बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हाच मला जास्त भीती वाटते.

२१ जून
टेम्पो करून चाकं क्लासच्या मैदानावर नेली. मास्तरांना योजना समजावली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, अहो साहेब, तुमचे टायर गाडीला लावलेत कोणी?
मैदानाच्या टोकाला माझे चारही टायर अर्धे जमिनीत पुरलेले. रिव्हर्स शिकणाऱ्यांना धडकायला. मुलगी म्हणाली, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुम्हीच म्हणालात ना, निश्चिंत जा?
पोरगी सुखरूप होती. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू! मग संतापही आला. स्पेशल सिरीज, आणि मातीत? तेवढ्यात ती रिव्हर्स घेत आली आणि धाडकन टायरवर आदळली. गाडीला ओरखडा नाही. मास्तर म्हणाले, उरलेले चारही आणा, भिंतीपाशी लावू. धंदा वाढतोय.
टेम्पोने चाकं परत आणली. मला काढता आली होती, लावता येईनात. मुलीने सगळी बसवली, क्लासमध्ये शिकवतात म्हणे. मी पाना धरून उभा होतो. बायको चहा घेऊन खाली आली. एकच कप होता, तो मुलीला दिला.