ढोकरीचा फोटो

भोईवाडा, परळ
१८ सप्टेंबर १९८३

प्रिय शैलाताई,

तुला आणि भावोजींना सप्रेम जयभीम.

चार तारखेच्या रविवारी सकाळी शिवडीच्या खाडीच्या चिखलात उतरून मी तिवराच्या दोन फांद्या कोयत्याने तोडल्या, आणि तिथून माझं सगळंच फिरलं. आईला यातलं काही ठाऊक नाही. पोरगा फोटोग्राफी शिकतोय एवढंच ती शेजारी सांगत असते.

जगदीश सर तुला माहीत नाहीत. दादरला त्यांचा स्टुडिओ आहे, घर प्रभादेवीला. गिरणीच्या संपात बाबा गावी गेले, मी कॉलेज सोडलं, तेव्हापासून त्यांचा ट्रायपॉड मी वाहतो. दिवाळीपासून डार्करूममध्ये कायम करतो म्हणालेत. पण खरं सांगू? मी तिथे चिकटलो तो त्यांच्या धाकट्या बहिणीमुळे. सुमेधा कॉलेजात प्राणिशास्त्राला माझ्याच वर्गात होती. हसू नकोस.

त्या रविवारी सर, सुमेधा आणि मी असे तिघं गेलो होतो. तिवरात ढोकरी बगळ्याचं घरटं सापडलं. तीन पिल्लं, डोक्यावर विस्कटलेली पिसं, तोंडं चिडक्या म्हाताऱ्यांसारखी. सरांची लेन्स हातभर लांब. तिला मागून एक्स्टेंडर लावला की पल्ला दुप्पट होतो, दीडशे फुटांवरून पिल्लाचा डोळा दिसतो. याची सरांना कोण ऐट. आपण पक्ष्याच्या जवळ जात नाही, त्याला त्रास देत नाही, असं येईल त्याला ऐकवतात. पण हा एक्स्टेंडर उजेड खातो, आणि घरटं तर गच्च पाल्यात. फोटो काळा येणार. मग ओहोटी बघून माझ्या हातात कोयता दिला. म्हणजे लांब उभे राहिले ते, घरट्याशी गेलो मी.

फांद्या पडल्या तसं ऊन थेट पिल्लांवर आलं. मी काठावर परतल्यावर त्यांची आई आली आणि दोन्ही पंख पसरून उभी राहिली. तासभर. चोच उघडी, गळा लटलट हलतोय. सरांनी अख्खा रोल संपवला. सुमेधा एक शब्द बोलली नाही. तिला फार लागलं असणार, तोंडावरूनच कळत होतं.

मंगळवारी राहवेना म्हणून एकटाच गेलो. तिन्ही मेलेली. एक काठावरून लोंबत होतं आणि मुंग्यांनी डोळ्यांपासून सुरुवात केली होती. सरांना सांगितलं, तर म्हणाले निगेटिव्ह झकास आल्यात. फोटो प्रदर्शनात लागणार, नाव काय ठेवलंय माहितेय? 'मातृछाया'. शिसारी येते, ताई. त्यांनी दिलेला चहासुद्धा घशाखाली उतरत नाही.

तुझ्या पत्राची वाट बघतोय. लवकर लिही.

तुझा
उत्तम


खेड
२९ सप्टेंबर १९८३

चि. उत्तम यास

आशीर्वाद, आणि कानाला एक पीळ.

बाबा चार दिवस आमच्याकडे राहून गेले. सकाळी सहाला आंघोळ करून ओटीवर बसायचे, पाळीला निघाल्यासारखे, आणि मग दिवसभर कुठे जायचंच नसायचं. उत्तमची नोकरी दिवाळीला पक्की, हे त्यांनी ह्यांना तीनदा सांगितलं. तुझं पत्र मी त्यांच्यापासून लपवलं. कॉलेजही तू असंच एका दुपारी भांडून सोडलंस, हे विसरू नकोस.

एक विचारते. कोयता तुझ्या हातात होता ना? मग सगळी आग सरांवर कशाला? सुमेधा बघत नसती, तर उतरला असतास चिखलात?

आणि तिच्या तोंडावरून तुला जे जे कळतं ते आता पुरे. देवदास होण्याआधी सरळ तोंडाने विचार. वर्षभर ओझी वाहतोयस, तेवढा हक्क आहे तुझा.

जेवत जा. राग कमी कर, आमची आठवण कमी करू नकोस.

तुझी
शैलाताई


भोईवाडा, परळ
२४ ऑक्टोबर १९८३

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम.

तुझं बरोबर आहे. ती बघत होती म्हणूनच उतरलो. एक फांदी पुरली असती, दुसरी मी नुसता जोर दाखवायला तोडली. हे लिहिताना माझीच मला घाण वाटतेय.

फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. काल प्रभादेवीच्या घरी सरांनी दहा-बारा जणांना बोलावलं. सुमेधाने मलाही निरोप धाडला. म्हटलं, आज विचारूच. भिंतीवर तो फोटो, एवढा मोठा, आणि खाली सगळे बटाटेवडे खातायत. सर सांगत होते, आम्ही दीडशे फुटांवर होतो, पक्ष्याला आमचा पत्तासुद्धा नव्हता. एका आजोबांनी आईची माया म्हणत डोळे पुसले. मग सरांनी मला पुढे ओढलं. हा आमचा सामान उचलणारा, वडील गिरणीत होते बिचारे.

मी म्हणालो, "फांद्या मी तोडल्यात, यांनी सांगितलं म्हणून. उन्हाने तिन्ही पिल्लं मेली. ती नुसती माया नाही, बगळी त्यांना उन्हापासून वाचवत होती."

सर हसले. म्हणाले, संपवाल्यांची पोरं, डोकी गरमच असतात. मी म्हटलं सुमेधाला विचारा, तिला त्या दिवशी किती वाईट वाटलं होतं. तर सरांना आणखीच हसू आलं. अरे, कल्पना तिचीच, म्हणाले. ऊन लागलं की ढोकरी पिल्लांवर पंख धरते, हे तिने पुस्तकात वाचलं होतं. उजेड तर हवाच होता, पण तिला हवे होते ते पंख.

मी तिच्याकडे बघत राहिलो. नाही म्हणेल असं वाटलं. एवढंच म्हणाली असती तरी मी सगळं गिळलं असतं, ताई, सरांसकट. तिने हातातली बशी ठेवली.

"पण आलाय ना छान?"

अगदी मनापासून विचारत होती. त्या दिवशी गप्प होती ती पंख उघडायची वाट बघत. आणि मी वर्षभर त्या गप्प राहण्यावर जीव टाकत होतो.

सरांनी खांद्यावर हात ठेवला. झालं गेलं विसर, उद्या नऊला डार्करूमला ये, दिवाळीची वाट कशाला बघायची, असं सगळ्यांसमोर म्हणाले. क्षणभर ओटीवर बसलेले बाबा दिसले. त्यांना मीच लिहीन, तू काही सांगू नकोस. माझ्यावर वाटेल तेवढं चिड, पण माया आटू देऊ नकोस. निघालो कसा, तेवढं लिहितो आणि थांबतो.

खांद्यावरचा हात मी काढला. नेहमीसारखी बरोबर आणलेली ट्रायपॉडची पिशवी त्यांच्या कोचावर ठेवली, चपला घातल्या. सुमेधा मागोमाग आली, वडा तरी खाऊन जा म्हणाली. मी बाहेर पडलो आणि दार ओढून लावलं.

उत्तम