निळ्या-पिवळ्यामधली पांढरी रेघ

बाई, तुमचं चित्र काल भिंतीवरून उतरवलं. तुम्ही शिकवायचात त्या शाळेत तुमची चित्रं मांडायची आहेत म्हणून तुमची भाची न्यायला आली होती. ती जुनी चित्रं दुरुस्त करते. चौकट काढून आम्ही ते खिडकीशी धरलं. वरचा निळा सपाट नाहीच, त्यात तुमच्या हाताची वळणं दिसतात. ते छापलंत तो दिवस आठवला: दाना ओलीच्या गल्लीतल्या तुमच्या स्वयंपाकघरात, ओट्यावर, रंग लावलेल्या ठशावर कागद ठेवून तुम्ही वाटीच्या बुडानं घासताय आणि मी कोपरे धरून उभी आहे. "बाई, ही नदी आहे का?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "निळं आहे. आधी तेवढं तर बघ." मी ओशाळले होते. चित्रात निळ्याखाली पिवळा, आणि दोघांच्या मधे केसाएवढी कोरी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन ठसे, दोनदा छपाई, तरी रंगाला रंग शिवलेला नाही. असा हात मी पुन्हा पाहिला नाही.

माझ्या लग्नात तुम्ही ते दिलंत. सासूबाई म्हणाल्या, "मास्तरीणबाईंना रंग पुरला नाही वाटतं!" मला ते फार लागलं. तेव्हा माझ्या यजमानांनी चौकट उघडली, खिशातलं शाईचं पेन पुढे केलं. "भरून टाक. कोण बघतंय?" डाव्या कडेपासून वीतभर रेघ मी निळी केली, मग हात पुढे जाईना. पुढे तुम्ही चहाला आलात, चित्रासमोर बराच वेळ उभ्या राहिलात आणि म्हणालात, "उजेड चांगला येतो इथे." एवढंच.

हे गेल्यापासून वाचनालयातून चित्रांवरची पुस्तकं आणून वाचते. पण काल डोळ्यांनीच कळलं. रेघ कोरी आहे तिथे पिवळा उजळतो, मी भरली तिथे दोन्ही रंग मलूल.

भाचीनं भिंग लावलं. "काकू, ये लाइन तो पेन की है! कोणत्या दिवट्याचं काम हे?"

"तुझ्यासमोर बसलीय ती."

ती हसली, मग म्हणाली, "शाई निघेल. नाही काढली तर लोक म्हणतील, आत्याचा हात चुकला."

ते मला चालणार नव्हतं. पण यांच्या पेनातली तेवढीच शाई घरात उरली आहे. म्हटलं, काढ. फक्त डाव्या कडेला, चौकटीखाली झाकला जाईल एवढा नखभर तुकडा ठेव. तो कुणाला दिसणार नाही, बाई. तुम्हाला मात्र सांगून ठेवते, तो तिथे आहे.