जावईबापूंच्या वाडग्याचं झाकण

आठवा महिना, पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस
मी बोलते, लेक बोह्वा लिहिते. तिला बजावलंय, हे माझ्या एकटीसाठी आहे, कुणी वाचायचं नाही. म्हणाली, तुला तरी कुठं वाचता येतं? येत नाही म्हणूनच निर्धास्त आहे.
जावईबापूंना दक्षिणेच्या बेटावर धाडलं. भर दरबारात राजाला म्हणाले, लोक झाडाची साल उकडून खातायत आणि तुम्ही तळ्यात महाल बांधताय. राजा म्हणजे यांच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. मेव्हण्यावर कोण किती दिवस रुसेल? थंडी पडायच्या आत घरी येतात की नाही बघा.
लग्न झालं की नवऱ्यानं सासरी राहायचं, ही आपली रीत. त्यामुळे इतकी वर्षं माझ्या हातचं जेवले आणि माझी बोलणीही खाल्ली.
आजपासून त्यांचा भात त्यांच्याच काशाच्या वाडग्यात, झाकण लावून, चुलीच्या धगीनं तापलेल्या जमिनीवर. माणूस लांब गेला की असा ठेवायचा. झाकणाला आतून थेंब आले, तर सुखरूप आहे.
आले. टपोरे.

नववा महिना, नवमी
शेवंतीची दारू गाळली. बापूंची आवडती. ते येईपर्यंत बुधल्याला हात लावायचा नाही, असा निश्चय.
दुपारी थोडी चाखली. बिघडली तर नाही, बघायला.
थेंब कमी. मोलकरीण सामवोल चुलीत ओली लाकडं सारते. तिला झापलं.

दहावा महिना, चतुर्थी
दक्षिणेकडून मीठवाला आला. म्हणाला, बेटावर तापाची साथ आहे. मीठ विकायचं सोडून हे कशाला?
झाकण कोरडं. तांदूळ जुना आहे. उद्यापासून नवा.

पंचमी
नव्या तांदळालाही कोरडं. झाकण चेपलंय, वाफ निसटते. तांबटाला बोलावलं. त्यानं उलटंसुलटं करून पाहिलं, म्हणाला, आजी, झाकणाला काही झालेलं नाही. हल्लीच्या तांबटांना नजरच नाही.

षष्ठी
युक्ती सापडली. भात चुलीवरून थेट वाडग्यात, वर दोन गोधड्या. थेंबच थेंब. आधीच सुचायला हवं होतं.
बोह्वाला म्हटलं, लिही. बराच वेळ कुंचला भिजवत बसली. जेवतही नाही. म्हटलं, नवरा येईल आणि तू वाळलेल्या मुळ्यासारखी दिसशील. तर उठून परसात गेली.

अकरावा महिना, चतुर्दशी
राजवाड्यातून माणूस आला. म्हटलं नव्हतं? राणीसाहेब भावासाठी बोलल्या. शिक्षा माफ. वर दोन पायऱ्या बढती, म्हणजे जांभळा झगा.
त्याला म्हटलं, बस, दारू घे. बसला नाही. मान खाली घालून दारातच उभा राहिला. बोह्वानं जमिनीला कपाळ टेकलं ते उचलेचना. इतका आनंदही बरा नव्हे.
जांभळं कापड काढायला सांगितलं. मापाची गरज नाही. आमच्या चौकटीला कपाळ आपटतं, तेवढी उंची.

पौर्णिमा
माझ्या नवऱ्यालाही बढती मिळाली होती. एकदाच, त्यांची राख निवल्यावर. मोठा माणूस गेला की राजा त्याला पायरी चढवतो. हे मला कालही ठाऊक होतं.
पहाटे वाडगा उघडला. थेंब टपोरे. बोह्वाला दाखवले. म्हणाली, आई, भात कढत आहे, येणारच. दगडावर झाकण घातलंस तरी येतील.
राणीसाहेबांचा निरोप तिला गेल्याच महिन्यात आला होता, मी गोधड्या घालत होते त्याच दिवशी. तुला बघून तोंड उघडेना, म्हणाली. आता एवढं लांबलचक लिहून घेते आहे, एकदाही विचारलं नाही की हे लिहू का.
बुधला उघडला. दोघींनी घेतली. चांगली झालीय. बापूंनी उगाच नाक मुरडलं असतं, आणि आणखी मागितली असती.
उद्याही भात ठेवीन. गोधड्या घालणार नाही.