जवसाचं पोटीस

गोपिका,

सकाळच्या मोटारीनं वर्ध्याले अन् तिथून गाडीनं मुंबईले चालली. कॅन्सरच्या वार्डातल्या नर्सचं शिक्षण हाय, सहा महिन्यांचं. तू रडशीन म्हणून उठवलं नाई.

मायच्या छातीतली गाठ जिरन म्हणून आपण चार महिने जवसाचं पोटीस बांधलं, अन् माय गेली. मी नर्स असून बांधलं. ते डोक्यातून जात नाई.

तिचं एक लुगडं मी नेऊन राह्यली. दुसऱ्याले अजून जवसाचा वास हाय, धुवू नको.

आंघोळीच्या वक्ती छाती चाचपत जाजो. गाठ लागली तर कार्डावर फक्त ‘जवस संपलं’ लिहिजो, उघडं कार्ड सारं पोस्ट वाचते. मी निघून येईन.

नाई तर दर आठवड्याले लिहिजो, जवस हाय म्हणून.

तुही अक्का,
रंभा