गव्याच्या मानेवरची जखम

हूफडॉर्प, नेदरलँड्स, ८ मे २०२१

आज सकाळी पूजा आटोपून चित्राला बसलो. तांबडा रंग संपला होता, म्हणून देवापुढच्या करंड्यातलं कुंकू पाण्यात कालवलं. इथल्या जुन्या बाजारातून आणलेलं हे छापील चित्र, शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या अमेरिकन चित्रकाराचं. गुडघ्यावर कोसळलेला गवा, मानेत भाले. दहा दिवसांतली ही चौथी नक्कल. प्रत्येक नकलेत मानेवरची जखम मोठी होतेय. का?

बायकोने, मीनाने, कुंचला हिसकावला. "अहो, कुंकवाचं रक्त करताय? आणि वहिनींचं पुसलं तेव्हा फोन धरून गप्प बसलात!"

गेल्या महिन्यात गावी दादा कोरोनाने गेला. विमानं बंद. व्हिडिओ कॉलवर पाहिलं ते एवढंच: दोन बायकांनी वहिनीचे हात दाबून धरले, काकूंनी दगडाने बांगड्या फोडल्या. मनगटातून रक्त आलं. "नको, नको" म्हणत असताना कपाळ घासून पुसलं. रोज देवाला हात जोडणारा मी, एक शब्द बोललो नाही. राग काकूंचा, आणि भाले खुपसतोय गव्याला. जखम मोठी मीच करतोय.

दुपारी गावी फोन लावला. काकू म्हणाल्या, "रीतच आहे बाबा. तू तिकडं सुखात, तुला काय कळायचं?"

वहिनीला फोन द्यायला लावला आणि तिची माफी मागितली. ती म्हणाली, "भाऊजी, तेव्हा बोलायचं होतं."

खरं आहे. तरी स्पीकर लावायला सांगितला आणि सगळ्यांदेखत बोललो, "काकू, ती मारहाण होती. कुंकू लावायचं की नाही, ते यापुढे वहिनीच ठरवेल."