पडलेल्या उमेदवाराची निरवानिरव

मी, उत्तरा राजाराम टिपणीस, वय वर्षे छप्पन्न, राहणार सनीव्हेल, कॅलिफोर्निया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय तितकेसे नाही, म्हणून हे आत्ताच उरकते. मला कोणी भरीस घातलेले नाही. हस्ताक्षरातले मृत्युपत्र या राज्यात चालते, भाषा कुठलीही असो, असे वकीलबाईंनी सांगितले. "कारणे मात्र लिहीत बसू नका," असेही त्या म्हणाल्या. ते मला जमणार नाही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक मुलगा डॉ. विक्रम याला द्यावी. त्यात वाटेकरी कोणी नाही. १९८६ साली मी या राज्याच्या लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी, म्हणजे गव्हर्नरच्या खालच्या पदासाठी, उभी होते. विक्रमने मला मत दिले नाही. हे त्यानेच मला सांगितले. मत त्याचे होते, घर माझे आहे. दोन्हींचा एकमेकांशी संबंध लावू नये.

२. सासूबाईंच्या सोन्याच्या पाटल्या सून रूपाली हिला. तिने सासूबाईंना पाहिलेले नाही, म्हणून लिहिते. १९८३ साली त्यांच्या पोटात एकाएकी कळ आली आणि शेजाऱ्यांनी त्यांना इस्पितळात नेले. यजमान आधीच वारले होते. मी कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात कामावर होते. सासूबाईंना मराठीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. मी पोचले तेव्हा त्यांची शुद्ध गेली होती, ती परत आली नाही. नर्स भली बाई होती. मला म्हणाली, "शी वॉज सो स्वीट. सारखे हात जोडून आमचे आभार मानत होत्या." हात जोडून त्या काय म्हणत असतील, ते मी तिला सांगितले नाही. पुढे सगळ्या राज्याला सांगत फिरले.

३. निळी स्टेशन वॅगन माझी मैत्रीण कांचन डोंगरे हिला. तीच ती चालवत आली आहे. आमच्या ग्रंथालयात एका लहानशा पक्षाची सभा होती, तिथे तिनेच मला ओढून नेले. प्रत्येक इस्पितळात दुभाषा हवा, असे मी उभी राहून बोलले. सभेनंतर पक्षाचे मिस्टर हॅस्केल जवळ आले. हे निवृत्त शिक्षक. म्हणाले, "लेफ्टनंट गव्हर्नरसाठी आमच्याकडे कोणी नाही. तुम्ही उभ्या राहाल?"

"त्या माणसाचे काम काय असते?"

"गव्हर्नर राज्याबाहेर गेला की त्याचा कारभार सांभाळायचा."

"आणि तो घरी असला की?"

ते हसले. मी हो म्हटले. कांचनने फ्रेस्नो, स्टॉक्टन, युबा सिटी अशी गाडी हाकली, चुकलेल्या प्रत्येक रस्त्यावर नागपुरी शिव्या घातल्या आणि माझे भाषण माझ्याआधी पाठ केले. निकाल लागला तेव्हा मी रडकुंडीला आले होते. ती म्हणाली, "अगं, शेवटून दुसरी आलीस यार! कुणीतरी आपल्याही मागे आहे!" गाडीचा क्लच बदलून घ्यावा.

४. स्वयंपाकाची मोठी पितळी पातेली आणि झारे युबा सिटीच्या गुरुद्वाऱ्यातल्या लंगरला द्यावेत. इतकी वर्षे ती आमच्या मंडळाच्या गणपतीत वापरली गेली, त्यामुळे ती मंडळाची आहेत असा समज आहे. ती माझी आहेत. निवडणुकीच्या वर्षीच्या गणपतीत मंडळाचे अध्यक्ष जगन्नाथराव यांनी मला पाच मिनिटे बोलायला देण्याचे कबूल केले होते. ऐनवेळी स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "वहिनी, मंडळात राजकारण नको." मी मसालेभात ढवळत होते. थोड्याच वेळात बाहेर टाळ्या झाल्या. एका मोठ्या पक्षाचे, त्याच पदाचे उमेदवार आले होते. त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि माईकही दिला. मी भात उतरवला, पंगत वाढली आणि पातेली घासून गाडीत टाकली. गुरुद्वाऱ्यात भाषण करताना मला कोणी थांबवले नाही. माझे मोडके हिंदी संपले तेव्हा बायका उठल्या आणि आपापल्या आया-सासवांचे बोलू लागल्या.

५. जगन्नाथरावांना काहीही देत नाही. हे लिहायचे राहून गेलेले नाही.

६. माझ्या घरच्या फोनबद्दल. निवडणुकीआधी, ऑक्टोबरात, विक्रमचा फोन आला होता. तो तेव्हा इस्पितळात शिकाऊ डॉक्टर होता. "आई, प्लीज ड्रॉप आऊट. इथे सगळे विचारतात, इज दॅट युअर मॉम?"

"मग तू काय सांगतोस?"

मीच फोन ठेवला. दिवाळीला तो आला नाही, निवडणुकीनंतरही नाही. मग फेब्रुवारीत भर दुपारी फोन वाजला. "आई, एक ओल्ड मॅन आहे. बहुतेक मराठी बोलतोय. कॅन यू टॉक टू हिम?"

फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. मी म्हटले, "काका, मी टिपणीस. विक्रमची आई. सावकाश सांगा." ते आधी रडले. मग म्हणाले, "दात दुखत नाही हो, बाई. हे दाताकडेच बघतायत. जबड्यातून हातात उतरतंय." मी शब्दन् शब्द विक्रमला इंग्रजीत सांगितला. हृदयविकाराचा झटका होता. काका पुढे आपल्या पायांनी घरी गेले.

विक्रमने माफी मागितली नाही, मीही मागितलेली नाही. पण तेव्हापासून तो फोन करतो आणि आता इतर इस्पितळांतूनही फोन येतात. मला मते देणाऱ्यांना जे हवे होते, त्यातले एवढेच मी करू शकले.

म्हणून घर विकले तरी हा फोननंबर बंद करू नये. विक्रमने तो आपल्या घरी घ्यावा आणि शक्यतो स्वतः उचलावा. त्याचे मराठी कच्चे आहे. 'ती टेबल', 'तो खुर्ची' असे चालते. पण "कुठे दुखतंय?" हे तो अगदी शुद्ध विचारतो.

लिहिलेले वाचून पाहिले, बरोबर आहे.

(सही) उत्तरा राजाराम टिपणीस

साक्षीदार:
१. वॉल्टर हॅस्केल. यांना मराठी वाचता येत नाही. सही त्यांच्यादेखत झाली, एवढ्यापुरती साक्ष.
२. सौ. दीपा कारखानीस, शेजारीण. यांनी सगळे वाचले आणि पाचवे कलम गाळावे असे सुचवले. गाळलेले नाही.

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
१२ मार्च १९८८